सरहद्दीला कोटी, ठाण्याला वर्गणी

सोलापुरातल्या कुठल्याही वर्दळीच्या चौकात पोलिसांचं बॅरिकेड उभं असतं. खालचं एखादं चाक निखळलेलं, वर पोलिसांचं नाव आणि त्याच्या दुप्पट अक्षरांत एखाद्या सराफाचं, बिल्डरचं नाहीतर कोचिंग क्लासचं. रोज बघून आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालंय. रस्ता अडवायचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिला, अडवायचं सामान मात्र दुकानदाराने. उद्या त्या सराफाविरुद्ध कुणी तक्रार घेऊन गेलं तर ठाणे अंमलदार ती लिहून घेणार नाही, असं मी म्हणत नाही. पण तक्रारदार त्याच चौकातून आलेला असतो आणि त्याला वाचता येतं.

आता दुसरं टोक बघू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात गृह मंत्रालयाला सुमारे २ लाख ३३ हजार कोटी रुपये मिळाले. त्यात सीमा सुरक्षा दलाला २८,२३१ कोटी आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाला ३५,१४७ कोटी. या रकमांवर कुणी हरकत घेत नाही आणि घेऊही नये. पाकिस्तानला लागून ३,३२३ किलोमीटर, बांगलादेशला लागून ४,०९६ किलोमीटर सीमा आहे. कच्छच्या रणापासून सुंदरबनाच्या खाड्यांपर्यंत माणसं उभी करायची तर पैसा लागणारच. माझं म्हणणं त्याच तक्त्यात खाली असलेल्या एका ओळीबद्दल आहे. पोलीस दलांचं आधुनिकीकरण : ४,०६९ कोटी.

ही योजना १९६९-७० पासूनची. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचा पाच वर्षांचा टप्पा मंजूर झाला तेव्हा एकूण २६,२७५ कोटींचा घसघशीत आकडा जाहीर झाला. त्यातले १८,८३९ कोटी जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि नक्षलग्रस्त भागातल्या सुरक्षाखर्चासाठी होते. राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी म्हणून वेगळे काढलेले होते ४,८४६ कोटी, पाच वर्षांत मिळून. देशात पोलीस ठाणी सतरा हजारांहून जास्त आहेत. भागाकार केला तर ठाण्यामागे वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास येतात. एवढ्यात धड एक जीपही येत नाही. शिवाय ही रक्कम ठाण्यात पोचतच नाही. ती राज्याच्या राजधानीतून खरेदी होऊन वस्तूच्या रूपाने येते, आली तर.

पोलीस हा राज्यसूचीतला विषय, केंद्राने का द्यावं, असं कुणी म्हणेल. पगार, निवृत्तिवेतन, इमारती हा मोठा भार राज्यच उचलतं, हे खरंच. पण राज्येही सरासरी आपल्या एकूण खर्चाच्या चार टक्क्यांच्या आसपास पोलिसांवर खर्च करतात आणि त्यातला बहुतेक पगारातच जातो. उरलेल्यात गणवेश, बिनतारी, डिझेल, कागद, झेरॉक्स. मला वाटतं, केंद्राने सीमेच्या पैशाला हात न लावता आणि राज्याने आपली जबाबदारी न झटकता, दोघांनी मिळून पोलीस ठाण्याला स्वतःचा असा नियमित खर्च द्यायला हवा. वाहन आणि ॲप नंतर, आधी तपासाचा खर्च. कारण सीमा जिथे फुटते तिथे ती सावरायला शेवटी ठाणंच उरतं. सोलापूरकराला हे कुणी शिकवायची गरज नसावी.

पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी आपलं शहर सरहद्दीवरचंच होतं. पलीकडे निजामाचं राज्य, थोड्याच मैलांवर. १९४७-४८ मध्ये सोलापूर-बार्शीच्या बाजूच्या गावांनी रझाकारांच्या धाडी सोसल्या, निर्वासितांचे लोंढे शहरात आले, आणि १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल चौधरींचं सैन्य इथूनच हैदराबादकडे निघालं. पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. पाच दिवसांत काम फत्ते. पण त्याआधीचे कितीतरी महिने सीमेवरच्या गावांना सैन्य नव्हतं. होतं ते एखादं ठाणं, मूठभर शिपाई आणि गावकऱ्यांनी स्वतः घातलेली रात्रीची गस्त.

स्वतंत्र भारताने सीमेसाठी वेगळं दल उभारलं तेसुद्धा पोलिसांच्या अनुभवातूनच. १९६५ पर्यंत पाकिस्तानलगतची सीमा राज्यांच्या सशस्त्र पोलीस बटालियनी सांभाळत होत्या. त्या वर्षी ९ एप्रिलला कच्छमधल्या सरदार चौकीवर हल्ला झाला, राज्यांच्या तुकड्यांना हे झेपणार नाही हे कळून चुकलं आणि १ डिसेंबर १९६५ ला सीमा सुरक्षा दल जन्माला आलं. निर्णय योग्यच होता. फक्त त्यानंतर सीमा म्हणजे दिल्लीची आणि ठाणं म्हणजे राज्याचं अशी वाटणी पक्की झाली आणि दोन्हींमधला धागा कुणाच्याच अंदाजपत्रकात राहिला नाही.

या दलाचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी, जन्माने आपल्या कामठीचे. निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय पोलीस आयोगावर गेले, बिहारच्या तुरुंगांत फिरले आणि खटल्याविना वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं. त्यातूनच १९७९ चा हुसेनारा खातून खटला उभा राहिला. त्या आयोगाच्या शिफारशी धूळ खात पडल्या, तेव्हा त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले प्रकाश सिंह, तेही सीमा सुरक्षा दलाचे माजी महासंचालक. २२ सप्टेंबर २००६ चा पोलीस सुधारणांचा निकाल त्यांच्याच याचिकेवरचा. ज्यांनी देशाची सीमा सांभाळली, त्या दोघांनाही पुढे दुरुस्तीची जागा सापडली ती पोलीस ठाण्यात आणि तपासात. हा मला योगायोग वाटत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ तर आठवणीतलाच आहे. सीमा समुद्राची होती, फुटली ती कफ परेडच्या किनाऱ्यावर, आणि गिरगाव चौपाटीला कसाबची रायफल हाताने धरून ठेवली ती सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी. सातारा जिल्ह्यातला माणूस, हातात काठी. त्यांना अशोकचक्र मिळालं. काठीबद्दल मात्र आपण अभिमानाने बोलतो. लाजेने बोलायला हवं होतं.

आता आजच्या सोलापूरकडे येऊ. आपल्याला आंतरराष्ट्रीय सीमा नाही, पण राज्याची आहे आणि ती रोजच्या वापरातली आहे. विजापूर रस्त्याने टाकळीला भीमेचा पूल ओलांडला की धूळखेड, म्हणजे कर्नाटक. पूल ओलांडायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात पोलीस बदलतात, न्यायालय बदलतं. दुचाकी चोरणाऱ्याला, वाळूवाल्याला, गुटख्याचा टेम्पो आणणाऱ्याला हे पाठ आहे. आपल्याकडे २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर तो मिळतो की नाही हे वाचकांनी सांगावं. नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगितला, अक्कलकोट तालुक्यातल्या काही गावांनी 'रस्ता-पाणी देत नसाल तर आम्ही तिकडे जातो' अशी भाषा केली, एसटी बंद पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावला भाषेवरून बसवाहकाला मारहाण झाली, त्यानंतर पुन्हा बस थांबल्या. दर वेळी रस्त्यावर उभे राहिले ते स्थानिक ठाण्यांचे शिपाई. अशा बंदोबस्ताला वेगळे पैसे नसतात, वेगळी माणसंही नसतात. ठाण्यातलीच उचलायची.

आणि ठाण्यात माणसं असतात किती? २०२० च्या सुरुवातीच्या देशपातळीवरच्या आकडेवारीत लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस १९५ च्या घरात होते, प्रत्यक्षात कामावर १५५ च्या. सोलापूरसारख्या जिल्ह्यात त्यातूनही वजाबाकी चालूच असते. आषाढी आली की पंढरपूर, जानेवारीत गड्ड्याची यात्रा, मग जयंत्यांच्या मिरवणुका, गणपती, नवरात्र, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' हे वाक्य ठाण्याच्या पायरीवर ऐकलं नाही असा सोलापूरकर विरळा. वारी सुखरूप पार पडते त्यामागे पोलिसांचे कष्ट आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या पंधरवड्यात जिल्ह्यातल्या घरफोड्यांचा तपास कुठे जातो? तपास अधिकारी चंद्रभागेच्या वाळवंटात गर्दी हटवत असतो आणि चोर दागिने मोडून मोकळा होतो.

बंदोबस्ताचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, २०२३ मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे दर मागच्या तारखेपासून कमी केले. ज्यांना परवडतं त्यांना सवलत आणि ठाण्याने मात्र वर्गणी मागायची!

माझ्या ओळखीतल्या एका यंत्रमागधारकाला टॉवेलच्या मालात परराज्यातल्या व्यापाऱ्याने गंडवलं. गुन्हा नोंदला गेला, तपासाला नेमलेला हवालदार सभ्य होता, जायची तयारीही होती. पण जायचं कशाने? ठाण्याची गाडी बंदोबस्ताला. रेल्वेने जावं तर प्रवासभत्त्याचं बिल नंतर निघणार. कधी, ते कुणी सांगेना. अखेर गाडी तक्रारदारानेच केली. डिझेल त्याचं, वाटेतल्या ढाब्यावरचं जेवण त्याचं, लॉजची खोली त्याची. व्यापारी सापडला, काही पैसेही परत आले, माणूस खूश. तो ठाण्याला नावं ठेवत नाही, उलट 'आपलं काम झालं ना' म्हणतो. पण पूर्वभागात विडी वळणाऱ्या एखाद्या बाईचं मंगळसूत्र हिसकावून चोर हैदराबादच्या गाडीत बसला, तर तिने कुठून गाडी करायची? आणि हवालदाराने स्वतःच्या खिशातून खर्च केलाच, तर तो पुढे कुणाच्या खिशातून वसूल होणार? पोलीस खात्यातल्या भ्रष्टाचारावर आपण तावातावाने बोलतो. त्याची एक मुळी या न निघालेल्या बिलात आहे, ती कुणी उपटत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्यात १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ आणायचा, त्याला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत. दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. पढवलेल्या पंचांपेक्षा कॅमेरा बरा. पण चित्रीकरण कुणाच्या मोबाइलवर? त्यातला डेटा, स्टोरेज कुणाचं? अंमलदाराच्या खाजगी फोनमध्ये एका बाजूला लेकराच्या बारशाचे फोटो आणि दुसऱ्या बाजूला गुन्ह्याचा पुरावा, अशी वेळ यायला नको. कायदा दिल्लीने केला, त्याचा खर्च राज्याच्या गळ्यात आणि राज्याच्या गळ्यातून घरंगळत तो हवालदाराच्या खिशात. केंद्राने राज्यांच्या पोलिसांना पैसा का द्यावा, याचं याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

सोलापूरच्या नावाला गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट चिकटली, अमली पदार्थांची. २०१६ मध्ये चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अमली पदार्थ बनवायला लागणारं एफेड्रिन टनांनी सापडलं, कारवाई ठाणे शहराच्या पोलिसांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळी आणि मोहोळ परिसरात एमडी (मेफेड्रोन) हा अमली पदार्थ बनवणाऱ्या जागांवर छापे पडले, ते मुंबई आणि नाशिकच्या पोलिसांचे. धागा तिकडे सापडला म्हणून पथकं तिकडून आली, हे मान्य. तरीही प्रश्न उरतोच. एमआयडीसीतलं बंद शेड रात्री कशाला उघडतं, पिंपं कुठून येतात, वास कसला येतो, हे आधी कळतं ते शेजारच्या चहावाल्याला आणि वॉचमनला. बीट अंमलदार, म्हणजे त्या भागाची गस्त सोपवलेला पोलीस, आठवड्यातून दोनदा त्या टपरीवर चहा प्यायला थांबला तर त्यालाही कळतं. पण बीट अंमलदार बीटवर असतो कुठे? तो वारीत आहे, नाहीतर न्यायालयात समन्स बजावतोय. अमली पदार्थांचा पैसा सीमेपलीकडे कुठे कुठे जातो यावर परिषदा भरतात. त्याची सुरुवात जिथे होते त्या शेडपर्यंत चालत जायला माणूस नाही.

भाषेचंही तेच. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याच्या सीमेवरच्या गावांत घरात कन्नड चालतं. शहराच्या पूर्वभागात तेलुगू. बदलून आलेल्या अधिकाऱ्याला यातलं काही येत नसेल तर गावात काय शिजतंय ते त्याला दुभाष्याकडून कळणार, आणि दुभाषा बहुतेक गावच्या पुढाऱ्याचा माणूस. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अंकाप्रमाणे देशात पोलिसांच्या एकूण खर्चातला जेमतेम सव्वा टक्का प्रशिक्षणावर जातो. सोरेगावला राज्य राखीव दलाचा गट क्रमांक १० आहे. जागा आहे, मैदान आहे. तिथे सीमाभागातल्या अंमलदारांसाठी कामापुरत्या कन्नड-तेलुगूचा वर्ग चालवायला कितीसा पैसा लागेल? एका ड्रोनच्या पैशात काही वर्षं निघतील. पण ड्रोनचं उद्घाटन करता येतं.

उद्घाटनाचा सोस हा या सगळ्याच्या मुळाशी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जिल्हा नियोजनाच्या निधीतून पोलिसांना गाड्या मिळतात, पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवतात, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. चालक, टायर आणि डिझेल या गोष्टी झेंडा दाखवण्याजोग्या नसतात. सरकार वस्तू देतं, चालू खर्च देत नाही. आणि पोलिसांचं काम तर सगळंच चालू खर्चाचं.

कमी पैशात काय होऊ शकतं याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं हातभट्टीवर छापे पडायचे, रसायन ओतून दिलं जायचं आणि चार दिवसांत भट्टी पुन्हा पेटायची. २०२१ मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. कारवाई चालूच ठेवली, पण तिच्या जोडीला समुपदेशन आणि दुसऱ्या रोजगाराची खटपट. अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतलं. यात तंत्रज्ञान नव्हतं. माणसं होती आणि त्याच त्याच वस्तीत पुन्हा पुन्हा जाणं होतं. मात्र असं काम अधिकाऱ्याच्या उमेदीवर चालतं, तरतुदीवर नाही. बदली झाली की पुढच्याची मर्जी. पोलीस पाटलांचं मानधन मार्च २०२४ मध्ये साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं, ते मला या दृष्टीने गेल्या काही वर्षांतलं शहाणपणाचं पाऊल वाटतं. गावातली बातमी ठाण्यात पोचवणारा तो सगळ्यात स्वस्त दुवा आहे.

पोलिसांना जास्त पैसा म्हणजे जास्त लाठ्या, अशी धास्ती अनेकांना वाटते. ती मी हसण्यावारी नेणार नाही. या शहरात तर नाहीच. मे १९३० मध्ये इथे गोळीबार झाला, लोक खवळले, काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नाही आणि मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे आपण रोज ओलांडतो. म्हणून पैसा कशासाठी, हे आधी ठरलं पाहिजे. कोठडीतल्या कॅमेऱ्यासाठीही पैसाच लागतो. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला सांगितलं. तो चालू ठेवायला, चित्रण साठवायला दर महिन्याचा खर्च आहे. पोलिसांवरची नजर हाही सुरक्षेवरचाच खर्च आहे आणि तो वर्गणीतून करता येत नाही.

राहिला नेहमीचा आक्षेप, ठाण्याच्या हाती रोकड दिली तर ती खाल्ली जाईल. आज खर्च काढण्याचा अधिकार अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाकडे आहे, ठाण्याचा निरीक्षक तिथे कागद पाठवून वाट बघतो. त्या पद्धतीने भ्रष्टाचार थांबला असता तर मी गप्प बसलो असतो. खरा हिशेब नसलेला पैसा आजही ठाण्यात फिरतोच, फक्त तो सराफाचा, बिल्डरचा आणि तक्रारदाराच्या डिझेलचा असतो. त्याऐवजी दर महिन्याला ठरलेली रक्कम तपास, प्रवास, इंधन आणि पुराव्याच्या साधनांसाठी ठाण्याच्या खात्यावर जमा करा, वर्षाला लेखापरीक्षण करा, आणि महिन्याचा हिशेब गुन्ह्यांच्या फलकाशेजारी लावा. खाजगी देणगी घ्यायला सरळ मनाई करा. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, जोडभावी पेठ आणि एमआयडीसी या शहरातल्या सात ठाण्यांवर आणि मंद्रूप, अक्कलकोटसारख्या सीमेवरच्या ठाण्यांवर एक वर्ष हे करून बघता येईल. केंद्राच्या योजनेचा पुढचा टप्पा आखताना त्यात हा वाटा मागायचा तो आपल्या खासदारांनी. तोवर सुरुवात करायला मुंबईचा एक शासन निर्णय पुरतो.